वडशात कुत्र्याला काय खाऊ घालावं?

डिसेंबर २०२४ च्या अखेरीस नागपूरच्या गोरेवाडा बचाव केंद्रात तीन वाघ आणि एक बिबट्या मेले. वाघ आपल्या चंद्रपूर भागातून पकडून तिथे नेलेले होते. भोपाळच्या प्रयोगशाळेने नमुने तपासले, तेव्हा त्यांत एच५एन१ म्हणजे बर्ड फ्लूचा विषाणू सापडला. संशय गेला तो खायला दिलेल्या कोंबडीच्या कच्च्या मांसावर. त्यानंतर थोड्याच दिवसांत, जानेवारी २०२५ मध्ये, ब्रह्मपुरी तालुक्यातल्या मांगली गावात कोंबड्या मरू लागल्या आणि तिथेही बर्ड फ्लूच निघाला. ब्रह्मपुरी म्हणजे वडशाहून वैनगंगा ओलांडली की आलंच.

कुत्र्याला कच्चं मांस द्यावं की कंपनीचं पिशवीतलं खाद्य, हा वाद आता मोबाइलवरून आपल्या गावापर्यंत आला आहे. पुण्या-मुंबईचे व्हिडिओ पाहून लॅब्रॅडॉर किंवा जर्मन शेफर्ड पाळणारी तरुण मुलं विचारतात, ‘कच्चं चिकन सुरू करू का?’ घरातली मोठी माणसं म्हणतात, ‘आपल्या कुत्र्यांनी जन्मभर भात खाल्ला, त्यांना काय झालं?’ आणि दुकानदार वीस किलोची पिशवी पुढे सरकवतो. तिघांचंही म्हणणं थोडंथोडं खरं आहे, म्हणून प्रश्न नीट सोडवून घेतला पाहिजे. माझं मत आधीच सांगतो. वडशासारख्या ठिकाणी कच्चं मांस नकोच. पिशवीतलं चांगलं खाद्य किंवा घरी शिजवलेलं मोजून-मापून केलेलं अन्न, या दोहोंपैकी जे तुमच्या घराला जमेल ते घ्या. दोन्ही मिळून दिलं तरी चालेल. नुसता भात मात्र बंद करा.

कच्च्या आहाराचा पंथ फार जुना नाही. इयन बिलिंगहर्स्ट या ऑस्ट्रेलियन पशुवैद्यकाने १९९३ मध्ये त्यावर पुस्तक लिहिलं आणि तिथून तो जगभर पसरला. युक्तिवाद साधा आहे. कुत्रा हा लांडग्याचा वंशज, लांडगा शिकार करून कच्चं खातो, तेव्हा कुत्र्यालाही कच्चं मांस आणि हाडं द्या, धान्य देऊ नका. ऐकायला पटतं. पण कुत्रा हजारो वर्षं माणसाच्या उकिरड्यावर आणि उष्ट्यावर वाढला, हे त्यातून निसटतं. २०१३ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात स्वीडनच्या संशोधकांनी दाखवून दिलं, की पिष्टमय पदार्थ पचवणाऱ्या अमायलेज या पाचकरसाच्या जनुकाच्या लांडग्यात फक्त दोन प्रती असतात, कुत्र्यात मात्र चारपासून तीसपर्यंत. म्हणजे शिजलेला भात पचवायची तयारी कुत्र्याच्या अंगातच आहे. आपल्या महाराष्ट्रातलाच पुरावा हवा असेल तर सोलापूरजवळच्या नान्नजला जा. तिथल्या माळढोक अभयारण्याच्या परिसरात अबी वनक आणि मॅथ्यू गॉम्पर यांनी गावकुत्री आणि खोकड काय खातात याचा अभ्यास केला. तो २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. खोकड उंदीर, किडे, फळं खाऊन जगत होतं. कुत्र्यांचं पोट मुख्यतः माणसाकडून मिळणाऱ्या अन्नावर भरत होतं. मोकळं रान समोर असूनही कुत्रा वळतो तो माणसाच्या ताटाकडे.

कच्चं खाणाऱ्या कुत्र्याचे केस चकाकतात, विष्ठा कमी आणि घट्ट होते, असं त्याचे समर्थक सांगतात. ते खोटं नाही. मांसात स्निग्धांश भरपूर असतो, त्याने कातडी सुधारते, आणि मांस जवळजवळ सगळं पचतं म्हणून विष्ठा कमी. पण हेच मांस शिजवून दिलं तरी हे दोन्ही फायदे मिळतात. कच्चेपणातून वेगळं काही मिळतं, याचा भक्कम पुरावा आजवर पुढे आलेला नाही. अमेरिकेतल्या पशुवैद्यकांच्या राष्ट्रीय संघटनेने २०१२ मध्ये कुत्र्या-मांजरांना कच्चं किंवा अर्धकच्चं मांस, अंडी देऊ नयेत अशी भूमिका घेतली.

आता वडशाचं बघा. मे महिन्यात चंद्रपूर-ब्रह्मपुरीचा पारा पंचेचाळीसच्या पुढे जातो आणि आपण काही वेगळ्या हवेत राहत नाही. मांसावरचे जंतू ५ ते ६० अंश तापमानात झपाट्याने वाढतात. बाहेर ३२ अंशांहून जास्त उष्मा असेल तर कच्चं मांस तासाभरापलीकडे उघडं ठेवू नये, असा अन्नसुरक्षेचा नियम आहे. सकाळी कापलेली कोंबडी दुपारपर्यंत दुकानात टांगलेली, मग पिशवीतून घरी, मग कुत्र्याच्या ताटलीत, आणि अर्धी उरली तर संध्याकाळपर्यंत तिथेच. या प्रवासात साल्मोनेला, ई. कोलाय, कॅम्पायलोबॅक्टर यांना हवा तेवढा वेळ मिळतो. कुत्र्याच्या पोटातलं आम्ल तीव्र असतं, त्यामुळे तो बऱ्याचदा आजारी दिसत नाही, पण साल्मोनेला त्याच्या विष्ठेतून आणि तोंडातून बाहेर पडत राहतो. अंगणात रांगणारं मूल, गरोदर सून, मधुमेह असलेले आजोबा यांना त्याची बाधा होते. कुत्रा ठणठणीत आणि घरातलं लेकरू जुलाबाने बेजार, असं घडू शकतं, आणि मग कुणालाच कुत्र्याची ताटली आठवत नाही.

‘आम्ही फ्रीजरमध्ये गोठवून देतो’ असं काहीजण सांगतात. गोठवल्याने बरेच परजीवी जंत मरतात, जिवाणू मरत नाहीत, नुसते थांबतात. दिवे गेले, बर्फ वितळला की पुन्हा सुरू. पावसाळ्यात आपल्याकडे वीज किती वेळा जाते ते तुम्हाला माहीत आहे. विषाणूला तर थंडी मानवतेच. डिसेंबर २०२४ मध्येच अमेरिकेतल्या ओरेगन राज्यात गोठवून विकलेलं कच्चं टर्कीचं खाद्य खाऊन एक घरातलं मांजर बर्ड फ्लूने मेलं. कुत्रा मांजराइतका नाजूक नाही, पण सुरक्षितही नाही. २०२३ मध्ये कॅनडातल्या ओशावा शहरात एका पाळीव कुत्र्याने मेलेला रानहंस चावला आणि तो याच विषाणूने गेला. उपाय मात्र अगदी सोपा आहे. ७० अंशांवर नीट शिजलेल्या मांसात हा विषाणू टिकत नाही. चुलीवर एक उकळी आणि मांसाच्या आतला गुलाबी रंग जाईपर्यंत वाफ, एवढंच करायचं आहे.

बर्ड फ्लूपेक्षाही आपल्या भागात जुना आणि गुपचूप चालणारा एक धोका आहे. तो बकऱ्याच्या कलेजीत आणि फुप्फुसात असतो. खाटिकाकडे कधी पाहिलं असेल, कलेजीवर पाण्याने भरलेल्या पांढुरक्या गाठी असतात. दुकानदार तो भाग कापून बाजूला टाकतो आणि दारातलं कुत्रं तो गट्ट करतं. त्या गाठीत एकायनोकॉकस या फीतकृमीची पिल्लं असतात. कुत्र्याच्या आतड्यात ती जेमतेम काही मिलिमीटर लांबीची होतात, कुत्र्याला काही त्रास देत नाहीत, पण त्यांची अंडी विष्ठेतून अंगणात, भाजीवर, कुत्र्याच्या केसांवर येतात. हात न धुता जेवणाऱ्या माणसाच्या पोटात ती गेली, की तशाच पाण्याच्या गाठी माणसाच्या यकृतात किंवा फुप्फुसात वाढतात. त्या वर्षानुवर्षं कळत नाहीत आणि कळल्या की अनेकदा शस्त्रक्रियाच करावी लागते. बकरा, कुत्रा, माणूस अशी ही साखळी तोडायला कुणाला पैसा लागत नाही. कलेजी, फुप्फुस, वजडी कुत्र्याला कच्ची द्यायची नाही, झालं.

हाडांचंही सांगतो. शिजवलेलं कोंबडीचं हाड ठिसूळ होतं, त्याच्या टोकदार चिरा होतात आणि त्या घशात, आतड्यात रुततात. जेवणातली उष्टी हाडं कुत्र्यापुढे टाकायची आपली सवय म्हणूनच वाईट. कच्चं हाड तेवढं फुटत नाही, पण बकऱ्याच्या मांडीचं टणक हाड चावताना दाढ फुटते आणि हाडाचा चुरा आतड्यात घट्ट होऊन कुत्रा दोन-तीन दिवस कुंथत बसतो. चावायलाच काही हवं असेल तर रबराचं खेळणं द्या.

कच्चं मांस खाल्लं की कुत्रं रागीट होतं, घराची राखण चांगली करतं, असा एक समज खेड्यापाड्यांत घट्ट आहे. काहीजण त्यासाठीच कच्चं देतात, काहीजण त्याच भीतीने मांसच देत नाहीत. दोघंही चुकतात. कुत्र्याचा स्वभाव घडतो तो जातीने, पिल्लूपणी मिळालेल्या माणसांच्या सहवासाने, आणि साखळीला किती बांधलं यावरून. मांसाने त्याला फक्त प्रथिनं मिळतात.

रानातल्या मांसाबद्दल दोन वाक्यं लिहिणं भाग आहे. रानडुक्कर, ससा किंवा दुसऱ्या कुठल्या वन्यप्राण्याची शिकार हा १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली गुन्हा आहे, ते मांस माणसाला चालत नाही आणि कुत्र्यालाही नाही. मेलेलं जनावर गावाबाहेर टाकतात, तिथेही कुत्रं जाऊ देऊ नका. ते जनावर कशाने मेलं हे कळत नाही. फाशी रोग असू शकतो, वाघ-बिबट्यावर सूड म्हणून कुणी विष घातलेलं असू शकतं, किंवा मरण्यापूर्वी जनावराला वेदनाशामक औषध टोचलेलं असू शकतं. याच औषधांपैकी डायक्लोफिनॅकने गिधाडं संपत आली आणि म्हणून जनावरांसाठी त्याच्यावर २००६ मध्ये बंदी आली. कुत्र्याच्या पोटाला आणि मूत्रपिंडालाही ते घातक आहे.

एवढं सांगूनही कुणाला कच्चंच द्यायचं असेल, तर किमान दोन गोष्टी सोडू नका. कोंबडी आणि आतले अवयव कधीही कच्चे नकोत. आणि लहान मुलं, म्हातारी किंवा आजारी माणसं घरात असतील तर हा विचारच मनातून काढून टाका.

आता पिशवीकडे येऊ. तयार खाद्याला शहरी लोकांत अलीकडे नाव ठेवायची पद्धत पडली आहे, ते मला पटत नाही. १८६० च्या सुमारास जेम्स स्प्रॅटने लंडनमध्ये कुत्र्यांची बिस्किटं विकायला सुरुवात केली, तेव्हापासून या धंद्याने चुका पुष्कळ केल्या आणि त्यांतून शिकतही गेला. २००७ मध्ये चीनहून आलेल्या गव्हाच्या प्रथिनात मेलामाइन मिसळलेलं निघालं आणि उत्तर अमेरिकेत कुत्र्या-मांजरांची मूत्रपिंडं निकामी झाली. तेव्हा कंपन्यांना प्रचंड माल बाजारातून परत घ्यावा लागला. म्हणजे पिशवी आहे म्हणून डोळे मिटून विश्वास ठेवावा असं नाही. पण ‘संपूर्ण व संतुलित’ म्हणून नीट बनवलेल्या खाद्यात जस्त, तांबं, आयोडीन, ई जीवनसत्त्व यांची मात्रा मोजून घातलेली असते, आणि ते तुमच्या-माझ्या स्वयंपाकघरात सहजी जमत नाही. आपल्या भागाला तर हे खाद्य लांबूनही आणावं लागत नाही. ड्रूल्स ही कंपनी गोंदियापलीकडच्या राजनांदगावची, तिथल्या कोंबडीपालनाच्या उद्योगातून उभी राहिलेली. नाव घेतलं म्हणजे तीच घ्या असं सांगत नाही. कुठलीही घ्या, पण पिशवी उलटी करून मागची बारीक अक्षरं वाचा.

काय वाचायचं? सगळ्यात आधी, खाद्य ‘संपूर्ण’ आहे की नुसतं ‘पूरक’ किंवा खाऊ म्हणून द्यायचं आहे. दुसरं, ते कुठल्या वयासाठी आहे. अमेरिकेत आफ्को या संस्थेचे मापदंड वापरतात आणि आपल्याकडच्या बऱ्याच पिशव्यांवर त्यांचा उल्लेख असतो. पाण्याचा अंश वगळून मोठ्या कुत्र्याला किमान १८ टक्के प्रथिनं आणि ५.५ टक्के स्निग्धांश, वाढत्या पिल्लाला २२.५ टक्के प्रथिनं आणि ८.५ टक्के स्निग्धांश, असं ते प्रमाण आहे. आफ्को स्वतः कुठलंही खाद्य तपासून शिक्का देत नाही, म्हणून दुकानदार ‘आफ्कोची मान्यता आहे’ म्हणाला तर ती कंपनीची स्वतःची हमी आहे एवढंच समजा.

पाण्याचा अंश का वगळायचा, ते एका हिशेबाने कळेल. कोरड्या दाण्यांच्या पिशवीवर प्रथिनं २४ टक्के आणि पाणी १० टक्के लिहिलेलं आहे. पाणी काढलं की प्रथिनं झाली साधारण २७ टक्के. डब्यातल्या ओल्या खाद्यावर प्रथिनं ८ टक्के आणि पाणी ८० टक्के. ते बघून माणूस नाक मुरडतो, पण पाणी काढलं की तिथे ४० टक्के निघतात. किंमत तोलायचीही हीच रीत ठेवा. पंधरा किलो वजनाच्या, बेताच्या हालचालीच्या कुत्र्याला दिवसाला साधारण ८५० कॅलरी लागतात. कोरड्या खाद्याच्या शंभर ग्रॅममध्ये ३५० ते ४०० असतात, म्हणजे दिवसाला सव्वादोनशे ग्रॅमच्या आसपास पुरतं. निव्वळ कोंबडीच्या मांसाने तेवढंच भरायचं तर अर्धा किलोच्या वर लागेल आणि तरीही आहार अपुराच राहील. किलोचा भाव न बघता दिवसाचा खर्च काढा, मग कुठलं महाग ते कळेल.

‘धान्यविरहित’ असं मोठ्या अक्षरात लिहून जास्त पैसे घेणाऱ्या पिशव्याही आता येतात. तांदूळ पिकवणाऱ्या जिल्ह्यातल्या माणसाने या शब्दाला भुलू नये. जुलै २०१८ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने अशा काही खाद्यांचा आणि कुत्र्यांच्या हृदयाच्या एका आजाराचा संबंध असू शकतो का, याची चौकशी सुरू केल्याचं जाहीर केलं. त्या खाद्यांत धान्याऐवजी वाटाणा, मसूर भरपूर होते. संबंधाचा पक्का निकाल लागलेला नाही, पण धान्य काढल्याने निरोगी कुत्र्याचं भलं होतं असंही कुणी सिद्ध केलेलं नाही.

पिशवीचा खरा शत्रू आपला पावसाळा आहे. जून ते सप्टेंबर हवेत एवढा ओलावा असतो, की उघड्या पिशवीतले दाणे आठवड्याभरात मऊ पडतात आणि मग बुरशी धरतात. बुरशीतून अफ्लाटॉक्सिन नावाचं विष तयार होतं आणि कुत्र्याचं यकृत त्याला फार लवकर बळी पडतं. उघड्या पोत्यातून सुटं तोलून दिलेलं खाद्य स्वस्त पडतं, पण पावसाळ्यात ते घेऊ नका. महिन्याभरात संपेल एवढीच पिशवी आणा, दाणे पिशवीसकट झाकणबंद डब्यात ठेवा, डबा जमिनीवर न ठेवता फळीवर ठेवा. कुबट वास आला तर ‘कुत्राच तर आहे’ म्हणून वापरून टाकू नका. हाच नियम ओली झालेली तांदळाची कणी, कोंडा, मका आणि शेंगदाण्याची ढेप यांनाही लागू आहे.

आता आपल्या घरच्या भाताचं. राईस मिलमधून कणी स्वस्तात मिळते, त्यामुळे वडशाच्या बहुतेक कुत्र्यांचं जेवण म्हणजे कणीचा भात आणि वर वरणाचं किंवा रश्श्याचं पाणी. कुत्रं जगतं, पोट गच्च दिसतं, म्हणून मालकाला वाटतं सगळं ठीक आहे. हिशेब करून पाहा. त्याच पंधरा किलोच्या कुत्र्याच्या ८५० कॅलरी फक्त तांदळातून भरायच्या तर सुमारे २४० ग्रॅम कोरडे तांदूळ लागतील. त्यांतून प्रथिनं मिळतील सोळा-सतरा ग्रॅम. त्याची किमान गरज अडतीस ग्रॅमच्या आसपास आहे. अर्ध्याहून जास्त तूट, ती रोज, वर्षानुवर्षं. केस राठ होणं, जखम लवकर न भरणं, कुत्रीची पिल्लं अशक्त निपजणं, अंगावर खरूज वारंवार येणं, यामागे बऱ्याचदा ही तूट असते. वर रश्श्यात कांदा-लसूण असतो. तो कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फोडतो. कच्चा, शिजलेला, वाळवलेला, कुठल्याही रूपातला कांदा कुत्र्याला नको.

उलट टोकाला नुसतं मांस देणारे. शंभर ग्रॅम कोंबडीच्या मांसात कॅल्शियम जेमतेम दहा-बारा मिलिग्रॅम आणि फॉस्फरस त्याच्या पंधरा पटींहून जास्त. कुत्र्याला दोन्ही जवळजवळ सारखे किंवा कॅल्शियम दुपटीपर्यंत जास्त हवे असतात. हा तोल बिघडला की शरीर स्वतःच्या हाडांतून कॅल्शियम ओढून घेतं. नुसत्या मांसावर वाढवलेल्या पिल्लाचे पाय वाकडे होतात आणि उडी मारताना हाड मोडतं, ते यामुळे.

म्हणून घरचं शिजवायचं तर असं शिजवा. पंधरा किलोच्या मोठ्या कुत्र्यासाठी दिवसाचे कोरडे तांदूळ १०० ग्रॅम, कणी चालेल. कोंबडीचं हाडं काढलेलं मांस २०० ग्रॅम, कलेजी २० ग्रॅम, एक अंडं, लाल भोपळा किंवा गाजर मूठ-दोन मूठ, आणि जवसाचं किंवा सोयाबीनचं तेल एक चमचा. सगळं एकाच पातेल्यात मऊ शिजवा, तिखट-मसाला नाही, आयोडीनयुक्त मीठ चिमूटभर. भात गार झाला की त्यात अंड्याच्या टरफलाची पूड अर्धा चहाचा चमचा मिसळा. टरफलं धुऊन, उकळून, वाळवून मिक्सरमध्ये पिठासारखी बारीक करायची. तेवढ्या पुडीतून जवळजवळ एक ग्रॅम कॅल्शियम मिळतं आणि मोठ्या कुत्र्याची रोजची किमान गरज भागते. एवढ्या जेवणातून सव्वाआठशेच्या आसपास कॅलरी आणि पंचावन्न ग्रॅमच्या पुढे प्रथिनं जातात. दोन वेळांना वाटून द्या. आठवड्यातून दोनदा कोंबडीऐवजी रोहू, कतला किंवा मरळ उकडून, काटे काढून घाला. तळ्याचा मासा आपल्याकडे भरपूर आहे आणि तो शिजवूनच द्यायचा, कारण गोड्या पाण्यातल्या काही माशांत बी-१ जीवनसत्त्व मोडणारा घटक असतो आणि तो उष्णतेनेच निष्प्रभ होतो. अंडंही उकडलेलंच.

घरच्या जेवणात तरीही उणीव राहते, हे मान्य करायला हवं. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या पशुवैद्यकांनी २०१३ मध्ये घरगुती कुत्राभोजनाच्या २०० पाककृती तपासल्या. त्यांतल्या ९५ टक्क्यांत किमान एक आवश्यक घटक कमी पडला. वर दिलेल्या जेवणातही जस्त, ई आणि डी जीवनसत्त्व कमी राहील. त्यासाठी पशुवैद्यकाकडून खनिज-जीवनसत्त्वांची भुकटी लिहून घ्या. ते नको असेल तर माझ्या मते सगळ्यात सोयीची वाट म्हणजे सकाळी पिशवीतलं खाद्य आणि संध्याकाळी घरचं शिजवलेलं. दोन्ही निम्मं-निम्मं. पूर्ण पातेलं आणि पूर्ण वाटी असं दोन्ही दिलंत तर कुत्रा सहा महिन्यांत गोळा होईल.

पिल्लाला मात्र घरच्या पातेल्यावर वाढवू नका. वाढत्या पिल्लाची कॅल्शियमची गरज कॅलरीच्या हिशेबात मोठ्या कुत्र्याच्या दुपटीहून जास्त असते, आणि लॅब्रॅडॉर किंवा जर्मन शेफर्डसारख्या मोठ्या जातीच्या पिल्लाला ते जास्त झालं तरी हाडं बिघडतात. तिथे अंदाज चालत नाही. वर्षभर, मोठ्या जातीला दीड वर्षापर्यंत, पिल्लांसाठीचं पिशवीतलं खाद्य द्या. वर कॅल्शियमचं टॉनिक पाजू नका.

आपल्या भागात आणखी दोन गोष्टींकडे लक्ष हवं. मोहाची दारू गाळून उरलेला आंबलेला चोथा बाहेर टाकतात, तो गोडसर वासाने कुत्रं चाटतं. त्यात मद्यार्क असतो. तेवढ्याने लहान कुत्रं बेशुद्ध पडू शकतं. मोहाच्या बियांची पेंडही घालू नका, मासे मारायला ती वापरतात यातच सगळं आलं. द्राक्षं, मनुका, चॉकलेट आणि बिनसाखरेच्या च्युइंगममधला झायलिटॉल हे पदार्थही घरातल्या सगळ्यांना पाठ करून सांगा.

खाद्य बदलताना घाई नको. आठ-दहा दिवसांत थोडं थोडं जुनं कमी, नवं जास्त. रोजच्या ताटलीचं माप चुकतंय का, हे कुत्र्याच्या बरगड्या सांगतात. बरगड्यांवरून हात फिरवला तर त्या बोटांना लागल्या पाहिजेत, पण लांबून डोळ्यांना उठून दिसता कामा नयेत. वरून पाहिलं तर कंबर दिसली पाहिजे. दर महिन्याला वजन करा. जंताचं औषध मोठ्या कुत्र्याला दर तीन महिन्यांनी, आणि कच्ची कलेजी तोंडाला लागलेलं असेल तर फीतकृमीवरचं प्राझिक्वांटेल पशुवैद्यकाला विचारून अधिक वेळा. मूत्रपिंड, यकृत किंवा स्वादुपिंडाचा आजार असलेल्या कुत्र्याला वरचं काहीही लागू नाही, त्याचा आहार डॉक्टरच ठरवतील. तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात उत्तर मिळालं नाही तर नागपूरच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयाचा दवाखाना आहे. जाताना कुत्र्याबरोबर तो रोज काय आणि किती खातो याची लिहिलेली चिठ्ठी घेऊन जा, अर्धं निदान तिथेच होतं.

शेवटी एक विनंती, आणि ती कुत्रा न पाळणाऱ्यांनाही आहे. कोंबडी-मटणाच्या दुकानातली आतडी, मुंड्या, गाठी असलेली कलेजी रस्त्याच्या कडेला किंवा नाल्यात टाकली जाते, तिथे रात्री कुत्र्यांची टोळी जमते आणि जंगलाला लागून असलेल्या आपल्या गावांत कुत्र्यांच्या मागे बिबट्या येतो. दुकानदारांनी ही छाटण झाकणाच्या डब्यात साठवावी, नगर परिषदेने आणि ग्रामपंचायतींनी ती रोज उचलून खोल खड्ड्यात चुना टाकून पुरावी, आणि घरच्या कुत्र्याची ताटली सूर्य मावळण्याआधी उचलून आत घ्यावी.